विजूचा आराखडा आणि लाल टॅग

७ जुलै, सोमवार
शाळेने पाठवलेले कागद तिरके स्टेपल केलेत. उघडताना अंगठ्याला पिन टोचली. ज्यांना पिन सरळ मारता येत नाही, ते माझ्या मुलीचा 'वैयक्तिक शैक्षणिक आराखडा' करणार. विजू चौथीत. हुशार आहे, फक्त वाचताना अडखळते. तपासणीत डिस्लेक्सिया निघाला. मी घाबरलेलो नाही. चाकणच्या कारखान्यात, माल तपासणाऱ्या क्वालिटी विभागात आयुष्य गेलं. असले प्लॅन मी चहा पिता पिता करतो.

९ जुलै
दिपाली म्हणाली, अहो, निदान वाचा तरी. वाचलं. म्हणजे सहीची जागा पाहिली. कंपनीत नापास पार्टला लाल टॅग लागला की तो लाल पेटीत जातो, परत लाइनवर येत नाही. त्या टॅगवरही माझीच सही असते.
संकल्प: सही करणार नाही. विजूला घरीच शिकवणार. महिनाभर पुरे.

११ जुलै, संध्याकाळी
पहिला धडा. खोडून खोडून वहीला भोक. रिवर्क, म्हणजे चुकलेलं दुरुस्त करणं, बंद, म्हणून खोडरबर जप्त. विजू रडली नाही. प्रगती.

१५ जुलै
शाळेत मीटिंग होती. गेलो नाही. टायर नरम वाटला.

१८ जुलै
मीटिंग चुकवल्याचं लाइनवरच्या गोरक्षला सांगितलं. म्हणाला, भावा, ऑडिटला पण तू एवढा टरकत नाहीस. हसलो.
घरी येऊन पेन्सिलने स्वतःच प्लॅन काढला, कंपनीच्या फॉरमॅटमध्ये. उद्दिष्ट: शून्य चुका. मुदत: दिवाळी. जबाबदार व्यक्ती: विजू.

२२ जुलै
रजा टाकून शाळेत. वर्षाली मॅडम, विशेष शिक्षिका. माझा प्लॅन शांतपणे वाचला. 'जबाबदार व्यक्ती'वर बोट ठेवून म्हणाल्या, इथे मोठ्यांची नावं येतात हो. परीक्षेत जास्त वेळ शाळा देणार, प्रश्न वाचून मी दाखवणार, घरचं तुम्ही दोघं.
विचारलं, आणि तिला पाठवणार कुठे? म्हणाल्या, कुठे म्हणजे? याच वर्गात, याच बाकावर.
मग त्यांनी विजूला विचारलं, वाचायला कधी सोपं जातं? ती माझ्याकडे न बघता म्हणाली, पप्पा सेकंड शिफ्टला असले की.
मॅडमचा पेन थांबला. मी म्हणालो, लिहा. सही केली. पिन अजून तिरकीच होती.

२३ जुलै, सकाळी
विजू आंघोळीला गेली तेवढ्यात खोडरबर तिच्या कंपासपेटीत ठेवला. जरा झिजलाय. एक नाव खोडायला लागला.