दुसरं माणूस

अण्णा,

आज वाचनालयाच्या फळ्यावर तुमच्याबद्दल लिहिलं होतं. ‘आजच्या दिवशी आपल्या साखरा गावात’ हे वरचं वाक्य अजून तुमचंच आहे, खालचं आता शाळेतले नवे गुरुजी लिहितात. तुमची जाड वही त्यांच्याकडे असते. वर्ष कोणतंही असो, एका तारखेला एकच पान. हापशाला पाणी लागलं, गारांनी हरभरा झोपवला, गावातली पहिली मुलगी मॅट्रिक झाली, सगळं एकाखाली एक.

मी सातवीत होते तेव्हा झेंड्याच्या दिवशी तुम्ही खडू माझ्या हातात दिला होता. पायरीवर बसलेली एक म्हातारी सांगत होती, “गुरुजी, झेंड्याच्या दिशीच गावात पयली मोटार आली. म्याच तिला कुंकू लावलं.” मी भराभर लिहून टाकलं. तुम्ही तिला विचारलंत, “आजी, आनखी कोन व्हतं?” “अख्खं गाव व्हतं की! पन आता जित्तं कोन हाय? समद्यायला पोचवून बसले मी.” सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. “दुसरं मानूस न्हाई ना? मग पूस.” तिच्यादेखत पुसताना मला रडू आलं. घरी येताना मी विचारलं, “ती खोटं काहून बोलंल?” तुम्ही म्हणालात, “खोटं न्हाई बोलत. पन आपल्याला मालूम न्हाई.”

तुम्ही गेलात त्या दिवशी हिंगोलीच्या दवाखान्यात तुमच्याजवळ मी एकटीच होते. संध्याकाळी आत्या आली. “पानी तरी पाजलं का गं बापाला?” मी मान डोलावली. तेवढंच. पण एकोणीस वर्षं आत्या ते ज्याला त्याला सांगत आली. दरवर्षी या तारखेला मी येऊन घर उघडते, झाडते, तेव्हा कुणी ना कुणी दारात उभं राहून म्हणतंच, नशीबवान गं बाई तू.

काल नवे गुरुजी आले. “ताई, उद्याच्या पानावर गुरुजींचं लिहितो. त्यांच्या नियमानं दोन माणसं बराबर मिळाली. तुमच्या आत्या अन् चौकातले टपरीवाले.” तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हणाले, “चहा घेता का?”

सकाळी फळ्यावर होतं, ‘गुरुजी लेकीच्या हातचं पाणी पिऊन गेले.’ दोन बायांनी ते वाचून माझ्याकडे पाहत हात जोडले. त्या गेल्यावर मी पदरानं मधलं पुसलं. ‘गुरुजी’ आणि ‘गेले’ राहिलं.

“ताई, काहून पुसलं?” समोरून टपरीवाल्यानं हाक मारून विचारलं.

“दुसरं माणूस नव्हतं.”

“आता! म्या सांगितलं ना!”

हा कागद वहीत ठेवणार होते, पण ती वही आता दुसरे उघडतात. तुमच्या कपाटात, सदऱ्यांखाली ठेवते.

पहिलंही माणूस नव्हतं, अण्णा. त्या दुपारी मी खाली चहा प्यायला गेले होते. परत आले तेव्हा तुम्ही गेला होतात, उशाशी ग्लास भरलेलाच होता.