सोफ्यासकट दाजी

गारखेडा, १९ मे २०२६

चि. सौ. द्वारकेस दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर आपण भांडतो, म्हणून पत्र. धोंड्याचा महिना लागलाय. आई-बाबा गेले, आता तुझं माहेर म्हणजे मीच. ३१ तारखेला, रविवारी, सर्जेराव दाजींना घेऊन धोंडे खायला यायचंच. घर आता पहिल्यासारखं राहिलं नाही बरं का. ऐसपैस सोफा आलाय. दाजींना बंगल्याची आठवणसुद्धा येणार नाही.

पेपरात आलंय, आपलं राज्य लई श्रीमंत. मी तुझ्या वहिनीला म्हणालो, बघ, आपण श्रीमंत! ती म्हणाली, मग येताना तेलाचा डबा आणा. आमच्या बिल्डिंगीतले वरच्या मजल्यावरचे बंगल्यांत गेले, खाली एकेका खोलीत सहा-सहा पोरं भाड्यानं राहतात. मधल्या मजल्यावर मी आणि समोरचे विश्वजीतराव, एवढेच उरलो. शिवम अजून कंत्राटावरच, तुमच्या वावरावर झालेल्या त्याच कंपनीत. पोरगं आत्याच्या तुरीतच उभं आहे, अशी मी मनाची समजूत घालतो.

लोभ असू दे. भांडण आल्यावर करू.

तुझा दादा,
बद्रीनाथ

शेंद्रा, २७ मे

ति. दादास द्वारकेचा शि. सा. न. वि. वि.

येते, नक्की येते. पण सोफा-बिफा कशाला रे? वावर गेलं, पैसा आला, अन् माणसं दुरावली बघ. गावातल्या बाया मला ओट्यावर बसू देत नाहीत, खुर्ची आणून देतात. मागच्या राखीला आमची मोठी गाडी तुझ्या गल्लीत शिरली, अन् तू दिवसभर माझ्याशी 'या, बसा' असं बोललास. घरी येऊन लई रडले. गाडीपायी माझा भाऊ जातो की काय, हीच धास्ती आहे.

म्हणून औंदा थाट नको. सतरंजी टाक, धोंडे वाढ. ह्यांनाही साधे कपडे घालायला सांगितलंय. शिवमला म्हणावं, तो उभा राहतो तिथं आमची विहीर होती, जरा जपून.

वहिनीला नमस्कार. माया पातळ करू नको.

तुझी,
द्वारका

गारखेडा, २ जून

चि. सौ. द्वारकेस अ. आ.

तुझं पत्र आज पोचलं. तू जेवूनही गेलीस! आधी आलं असतं तर माझी अब्रू वाचली असती.

तुला कळलंच आहे, तरी कबूल करतो. सोफा विश्वजीतरावांचा, कूलर भाड्याचा. बंगल्यातल्या दाजींना सतरंजीवर कसं बसवू, म्हणून हा उपद्व्याप. अन् तुम्ही आलात रिक्षातून! दाजींचा तो विटका सदरा बघून मी थेट स्वयंपाकघरात गेलो. तुझ्या वहिनीला म्हटलं, यांचं सगळं बुडालं वाटतं. तिनं बिचारीनं गुपचूप तुझ्या पिशवीत ज्वारीचं पीठ भरलं.

त्यात ऐन जेवणाच्या वेळी विश्वजीतरावांचे जावई न सांगता हजर! त्यांची दोन माणसं सोफा परत न्यायला आली. दाजी काही उठेनात. त्यांना वाटलं, शहरात धोंड्याच्या जावयाला असंच उचलून मिरवतात. हात जोडून, गंभीर चेहऱ्यानं, सोफ्यासकट दाजी दारापर्यंत गेले. तेवढ्यात तुझी बीपीची गोळी घेऊन ड्रायव्हर आला, गाडी थेट दारात. गाडी केंब्रिज चौकात लपवून रिक्षा करतेस? तूही माझीच बहीण!

मग सगळे सतरंजीवर बसलो, अन् तू मला म्हणालीस, दाद्या, येडा झालास का. किती वर्षांनी म्हणालीस गं. लई बरं वाटलं.

घरचीच सतरंजी असलेला,
तुझा दादा

शेंद्रा, ६ जून

ति. दादास शि. सा. न.

हे आता घरच्या सोफ्यावर बसत नाहीत. म्हणतात, इथं कुणी उचलत नाही. वहिनीच्या पिठाच्या भाकरी मी स्वतः थापल्या. स्वयंपाकाची बाई फुगून बसली, बसू दे.

पुढच्या रविवारी परत येते. गाडीनंच येणार अन् तुझ्या दारातच लावणार. तू फक्त 'या, बसा' म्हणू नको. जिन्यातूनच ओरड, सगळ्या गल्लीला ऐकू जाऊ दे: द्वारके, चप्पल बाहेर काढ!

राखीपर्यंत थांबवत नाही रे.

तुझीच,
द्वारकी