क्रमांक तेवीसच्या अंधाराबद्दल

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. साष्टांग हा शब्द या खेपेस शब्दशः घ्यावा. कंबर धरली आहे, तरी हे पत्र लिहायला बसण्याआधी मी मनाने पुरता आडवा झालो आहे. तुझी तब्येत बरी असावी. वहिनींच्या डोळ्यांना आता कितपत आराम आहे, काळा चष्मा सुटला का, थेंब अजून दिवसातून चारदा घालावे लागतात का, हे सगळं फोनवर विचारायला हवं होतं. विचारायला फोन केलाही. गेल्या आठवड्यात तीनदा. तिन्ही वेळा तू उचललास, "बरं आहे" म्हणालास आणि "दारावर कोणीतरी आलंय" म्हणून ठेवून दिलास. निवृत्त मास्तराच्या दारावर इतकी वर्दळ मी तरी ऐकलेली नाही. वहिनी तर फोनवर आल्याच नाहीत. एरवी तुझ्या हातातून फोन ओढून घेऊन "काय भाऊजी, या आठवड्यात कोणाची सालं काढलीत?" असं विचारणाऱ्या वहिनी वीस दिवस माझ्याशी एक शब्द बोललेल्या नाहीत.

त्या दिवशी समारंभातून तुम्ही दोघं चहा न घेता का निघून गेलात, ते मला परवा कळलं. कसं कळलं ते सविस्तर लिहितो. थोडक्यात लिहिलं तर तू थोडक्यात माफ करशील (तुझा स्वभावच तो), आणि तेवढ्याने माझं भागणार नाही.

मुळात छायाचित्र मंडळाने मला परीक्षक करायचं काही कारण नव्हतं. फोटोतलं मला काय कळतं? फोटो काढताना हसायचं असतं आणि पाहताना "अगदी तुझ्यासारखाच आलाय" म्हणायचं असतं, इथपर्यंत माझं शिक्षण. पण मंडळाच्या अध्यक्षांना वाटलं, जो माणूस दर आठवड्याला सदर लिहून सगळ्या जगाला नावं ठेवतो, तो एकेचाळीस फोटोंना सहज ठेवील. फोटो माझ्याकडे कॉम्प्युटरवर आले. नावं झाकलेली, नुसते क्रमांक. म्हणजे परीक्षकाने कोणाचा मुलाहिजा ठेवू नये. मी तो ठेवला नाही, हे तुला वेगळं सांगायला नको.

आता माझ्या मॉनिटरविषयी दोन शब्द. आमचं जुनं ऑफिस बंद झालं तेव्हा प्रत्येकाने आठवण म्हणून काहीतरी उचललं. कोणी खुर्ची नेली, कोणी भिंतीवरचं घड्याळ, माझ्या वाट्याला हा मॉनिटर आला. त्याच्यावर पांढरं काही पांढरं दिसत नाही. दुधात थेंबभर चहा पडावा तसं दिसतं. त्यात चष्मेवाल्याने मला सांगितलं की डोळे सांभाळा, पडद्याचा उजेड कमी ठेवा. मी उजेड इतका कमी केला की पडदा चालू आहे की बंद, हे वाकून पाहावं लागतं. वर डोळ्यांना आराम देणारं एक बटण असतं, ते दाबलं की सगळं जग पिवळसर होतं. तेही मी वर्षापूर्वी दाबून ठेवलं होतं आणि विसरून गेलो होतो. आणि हा मॉनिटर आहे आमच्या गॅलरीत. पाठीमागे मोठी थोरली खिडकी, सकाळी दहाचं ऊन थेट काचेवर. अशा सिंहासनावर बसून मी न्यायनिवाडा केला.

पहिला क्रमांक मी अकरा नंबरला दिला. ओला रस्ता, त्यावर सोनेरी उजेड सांडलेला, लांब एक गाडी. "मावळत्या सूर्याने रस्त्याला दिलेलं अभ्यंगस्नान" असं मी लिहिलं. समारंभात तो फोटो काढणारा दंतवैद्य बक्षीस घ्यायला वर आला तेव्हा त्याचाच चेहरा पडलेला होता, ते तू पाहिलंस. नंतर त्याने मला कोपऱ्यात घेतलं. "अहो, दुपारचे बारा होते. ढग होते. आणि ती कचऱ्याची गाडी आहे. फोटो द्यायची मुदत संपत होती, दुसरा हाताशी नव्हता, म्हणून हा घातला." त्याच्या पडद्यावर तो रस्ता राखाडी होता, मंडळाच्या प्रोजेक्टरवर निळसर, सोनं फक्त माझ्या घरी होतं. (माझी डावी दाढ गेले चार दिवस ठणकते आहे. गावभर दुसरा दंतवैद्य नाही. त्याच्यापुढे तोंड कोणत्या तोंडाने उघडू?)

पण हे हसण्यावारी गेलं. क्रमांक तेवीस गेला नाही.

तेवीस नंबर मी उघडला तेव्हा समोर काळा चौकोन आला. निव्वळ काळा. मी मॉनिटरची तार हलवून पाहिली. मग नीट डोळे लावून पाहिलं, तर त्या काळोखात हळूहळू एक व्यक्ती दिसू लागली: चष्मा, विरळ केस, कपाळावर आठी. दोन मिनिटं मी त्या माणसाचं बारकाईने परीक्षण केलं. मग त्याने नाक खाजवलं. तो मीच होतो, काचेत पडलेला. तेव्हाच शहाणा होऊन उठायला हवं होतं. तुझी धाकटी भावजय मागे कपडे वाळत घालत होती. तिने आपल्या फोनवर तोच फोटो उघडून पाहिला आणि म्हणाली, "अहो, यात कोणीतरी बसलंय." मी म्हणालो, फोनवर सगळंच चकचकीत दिसतं, फोनवर आपलं घरसुद्धा स्वच्छ दिसतं. ती म्हणाली, "मग निदान ही काच तरी पुसा, बोटभर धूळ आहे." मी म्हणालो, परीक्षक मी आहे. ती म्हणाली, "ते दिसतंच आहे," आणि उरलेले कपडे घेऊन गच्चीवर गेली.

मग मी तो अभिप्राय लिहिला. त्या सकाळी एकेचाळीसपैकी चाळीस अभिप्राय मी कसेबसे उरकले, पण हा एक मन लावून लिहिला. तुला तो पाठ असेल अशी मला भीती आहे, तरी लिहितो, कारण माझ्या हाताने पुन्हा लिहिण्याची शिक्षा मला व्हायला हवी: "कोळशाच्या वखारीचा पासपोर्ट फोटो. कॅमेऱ्याचं झाकण काढायचं राहून गेल्याची प्रामाणिक कबुली. प्रकाश नाही, विषय नाही, माणूस नाही; एवढी निरिच्छता साधूंनाही साधत नाही."

समारंभात तो मीच वाचला. हॉलच्या खिडक्यांना पडदे नव्हते, प्रोजेक्टरचा उजेड उन्हात विरघळत होता, त्यामुळे तिथेही पडद्यावर नुसता मळकट चौकोनच दिसला आणि हॉल हसून कोसळला. मला आणखी चेव आला. तिसऱ्या रांगेत तुम्ही दोघं दिसलात. आपली माणसं म्हणून मी "माणूस नाही" हे शब्द खास तुमच्याकडे पाहून, हात पसरून म्हटले. तू हसलास. (ते हसू मी आता रोज दाढी करताना आठवतो.) वहिनी काळा चष्मा लावून सरळ समोर पाहत बसल्या होत्या. मला वाटलं, त्यांना नीट ऐकू गेलं नसेल. म्हणून मी ते वाक्य पुन्हा एकदा, जरा मोठ्याने म्हटलं.

आता परवाचं. स्पर्धेची पुस्तिका छापायची आहे, तिची तपासणी करायला मी छापखान्यात गेलो. हा छापखानावाला विक्षिप्त माणूस. त्याच्या खोलीला खिडकी नाही, भिंती राखाडी, वर एकच मंद दिवा. दर महिन्याला तो मॉनिटरवर उंदराएवढं एक यंत्र टांगतो आणि ते पडद्याचे रंग मोजून दुरुस्त करून देतं. मी आत शिरताच त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "शर्ट फार लाल आहे. पडद्यावर पडतो. एक तर बाहेर थांबा, नाही तर हा काळा एप्रन घाला." मी एप्रन घातला. "आता पाच मिनिटं गप्प बसा. बाहेरच्या उन्हातून आलात, डोळे ठिकाणावर येऊ द्या." डोळ्यांचं ठीक आहे, पण गप्प बसण्याची सवय मला लग्नातसुद्धा लागलेली नाही. तरी बसलो. मग त्याने तेवीस नंबर उघडला.

दादा, आधी खुर्चीची पाठ दिसली. मग ओढलेल्या पडद्याच्या कडेची एक बारीक रेघ. मग त्या रेघेच्या उजेडात हात. आपल्या मांडीवर मोज्यांचा ढीग घेऊन बसलेलं कोणीतरी, अंगठ्याने शिवण चाचपत एकेक जोडी लावत असलेलं. मग डोळ्यांवरची पट्टी. मग हनुवटी, आणि ती हनुवटी पाहिल्यावर मला आणखी काही पाहायची गरज उरली नाही. छापखानावाला म्हणाला, "याला हात लावायचा नाही. जसा आहे तस्साच छापायचा. अंधार कसा मोजूनमापून ठेवलाय बघा, एक काडी इकडची तिकडे नाही." मग त्याने खालचा अभिप्राय वाचला आणि विचारलं, "हे कोणी लिहिलंय हो?" मी म्हणालो, लक्षात नाही. त्या काळ्या एप्रनमध्ये मी बसलो होतो, पण त्या खोलीत मला लपायला पुरेसा अंधार नव्हता.

पुस्तिकेच्या यादीत तेवीसपुढे तुझं नाव होतं.

आता मला सगळं उलगडतं. ऑपरेशननंतर तीन आठवडे वहिनींना उजेड वर्ज्य होता, म्हणून तुमच्या घरात पडदे ओढलेले. तू दिवसच्या दिवस त्यांच्याजवळ त्या काळोखात बसत होतास, त्याच काळोखात फोटो काढलास, आणि त्याच खोलीत बसून कॉम्प्युटरवर तो पारखलास. तुझ्या पडद्यावर तो लख्ख दिसला असणार, कारण तुझे डोळे त्या अंधाराला सरावले होते. ते सरावायला तिथे बसावं लागतं. मी काय केलं? फोनवर चौकशी. फोनवर चौकशी करायला चपलासुद्धा घालाव्या लागत नाहीत. "येतो रविवारी" असं मी तीनदा म्हणालो. कोणत्या रविवारी ते बोललो नव्हतो, एवढाच माझा बचाव, आणि तो मलाच पटत नाही. एका रविवारी जरी येऊन त्या खोलीत अर्धा तास टेकलो असतो, तरी तो काळा चौकोन मी माझ्या मॉनिटरवरही ओळखला असता. मॉनिटरला दोष द्यायचं मी दोन दिवस करून पाहिलं. गॅलरीतून हलवला, पिवळं बटण काढलं, उजेड वाढवला, काच पुसली. आता फोटो दिसतो. आणि मी काय लिहिलं होतं, तेही.

वहिनींना त्या दिवशी पडद्यावर काही दिसत नव्हतं. त्यांना नुसतं ऐकू येत होतं. "माणूस नाही" हे त्यांनी दोनदा ऐकलं, दुसऱ्यांदा मोठ्याने, आणि त्यावर हॉल हसला. ज्या फोटोत आपण बसलो आहोत हे त्यांना फक्त तू सांगितल्यामुळे ठाऊक होतं, त्या फोटोत कोणी नाही असं मी चारशे लोकांना सांगितलं. आजवर मी मंत्र्यांची सालं काढली, अध्यक्षांची काढली, सासऱ्यांचीही काढली. त्यांना पुरून उरेल एवढं साल होतं. इथे मी कोणाला हात लावला, ते मला दिसलंसुद्धा नाही.

असो. वहिनींना माझा नमस्कार सांग. नमस्कार घेतात की नाही, ते त्यांच्यावर.

तुझा,
परीक्षकपदावरून स्वतःला बडतर्फ केलेला
धाकटा

ता. क. १ : आता खरं काम. पुस्तिकेत प्रत्येक फोटोखाली परीक्षकाचा अभिप्राय छापायचा आहे, आणि अध्यक्षांना तेवीसचा अभिप्राय प्राणापलीकडे आवडतो ("लोक काय हसले हो!"). मी तो मागे घेतो म्हणालो तर म्हणतात, नियमात बसत नाही. जाहीर वाचलेला अभिप्राय फक्त स्पर्धकाच्या लेखी तक्रारीवरून काढता येतो. तेव्हा कृपा करून माझ्याविरुद्ध तक्रार कर. शुक्रवारच्या आत. तू मवाळ लिहिशील म्हणून मसुदा मीच तयार करून सोबत जोडला आहे, तू नुसती सही करायची. त्यात "अरसिक" आणि "बेजबाबदार" हे शब्द आहेत. "मूर्ख" घालायचा असल्यास जागा कोरी ठेवली आहे.

ता. क. २ : मसुदा वाचून तुला वाटेल की हा जरा जास्तच चांगला उतरलाय. मलाही वाटलं. तीनदा वाचून पाहिला. खोड जात नाही, त्याबद्दलही माफी.

ता. क. ३ : वहिनींना अजून वाचायची मनाई आहे, म्हणजे हे पत्र तू त्यांना मोठ्याने वाचून दाखवणार, हे मला लिहायला बसतानाच ठाऊक होतं. मायना तुझ्या नावाचा घातला, कारण त्यांच्या नावाचा घालायचा धीर झाला नाही. आता यापुढचं मोठ्याने वाचू नकोस. वाचताना मध्ये कुठे त्या हसल्या का? हसल्या असतील तर कुठे, तेवढं कळव. नसतील तर तेही स्पष्ट कळव. मी दुसरं पत्र लिहीन, आणि त्यात एकही विनोद करणार नाही.