मम्बोजम्बोच्या आत कोण

नालासोपारा,
८ नोव्हेंबर २०२५

ती. वसुंधरामावशीस,
सा. न. वि. वि.

माझा फोन कौस्तुभ रोज उघडून बघतो, म्हणून पत्र. शेजारची एलिना तुझ्याच जुन्या शाळेत शिकवते, तीच आणून देईल. तुझी ही नवी पोस्टमन गप्पिष्ट आहे, पण पोटात ठेवते.

लग्नाला दोन वर्षं झाली, आता नोकरी करते असं मी कौस्तुभला म्हणाले, आणि घरात दर गुरुवारी एक बाबा यायला लागले. डोक्यावरून घोंगडी घेऊन पुटपुटतात, कुठलीच भाषा नाही ती. मग म्हणतात, हिच्या अंगात कुणीतरी आहे. लहानपणी मी झोपेत चालायचे, हेही त्यांनी आपणहून सांगितलं. येत्या अमावस्येला मला अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर नेऊन छडीने ‘उतरवणार’ आहेत.

आमच्या डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, सगळं मम्बोजम्बो आहे, लक्ष देऊ नकोस. डिक्शनरीत अर्थ दिलाय, निरर्थक बडबड. मग दर बुधवारी रात्री मी जागी का राहते? तू इंग्रजी शिकवलंस, तूच सांग. मला फार भीती वाटते गं.

लोभ आहेच, पण सध्या जरा जास्त लागतोय.

तुझी,
अश्लेषा

*

वसई,
१० नोव्हेंबर २०२५

चि. अश्लेषास अनेक आशीर्वाद.

डिक्शनरीवर थांबायचं नाही हे तुला सातवीत शिकवलं होतं, विसरलीस. हा शब्द पश्चिम आफ्रिकेतून आला असं बहुतेक मानतात. तिथे घरातल्या बायका भांडल्या की संध्याकाळी गावात मम्बोजम्बो यायचा. अंगभर झाडाच्या सालीचा पोशाख, हातात काठी. सगळ्या बायकांनी जमायचं. तो जिच्याकडे बोट दाखवील तिला सगळ्यांसमोर मार. आत तिचाच नवरा असायचा, नाहीतर त्याने पढवलेला कुणी. इंग्रज प्रवाशांनी हे लिहून नेलं आणि पुढे तिकडे त्याचा अर्थ झाला बडबड. मार खाणारीला कुणी विचारलं नाही.

तेव्हा बाबा काय पुटपुटतात ते सोड, त्यांना सांगतं कोण ते बघ. झोपेत चालण्याचं तू कुणाला सांगितलं होतंस? त्याच माणसाला एकट्याला एक खोटी गोष्ट सांग आणि गुरुवारी कान उघडे ठेव. मलाही भीती वाटते, लपवत नाही. कधीही ये, इथे कुणी कारण विचारणार नाही.

जेवत जा. माया कळवायला पत्र कशाला लागतं, तरी कळवते.

तुझी,
मावशी

*

नालासोपारा,
१४ नोव्हेंबर २०२५

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

ते मी फक्त कौस्तुभला सांगितलं होतं. तो हसला नव्हता, म्हणून तेव्हा किती बरं वाटलं होतं. परवा त्यालाच सांगितलं की स्वप्नात हिरव्या साडीतली एक बाई मला हाका मारते. असलं स्वप्न मला कधी पडलं नाही. काल घोंगडीतून आवाज आला, हिरव्या साडीतली हिला बोलावतेय. सासूबाई रडायला लागल्या, त्यांना बिचाऱ्यांना सगळं खरं वाटतं. कौस्तुभ मान खाली घालून मोबाइल बघत होता.

हे पत्र आज एलिना आणून देईल, उद्या ती मला आणील. अंगावरच्या कपड्यांनिशी येते. पोलिसांत जायचं ते तुझ्यासोबत जाऊ.

भुताची भीती गेली, मावशी, पण तिच्या जागी मोठी आली. भूत असतं तर परवडलं असतं, भुताला सकाळी उठून डबा भरून द्यावा लागत नाही. आज डबा घेताना त्याने माझ्या कपाळावर हात ठेवला आणि विचारलं, बरी आहेस ना. मी हो म्हटलं. उद्या सकाळपर्यंत मला असंच हो म्हणत राहायचंय.

बाकी भेटीत. लोभ तुझ्याकडेच ठेव, घ्यायला येतेय.

तुझी,
अश्लेषा