तीस देशांची कोळंबी

४ जानेवारी २०२५, सकाळी ६.१०
संकल्प : 'समुद्रातून पकडलेल्या कोळंबीच्या उत्पादनातील देशवार कल' हा पीएचडीचा प्रबंध ३१ मार्चच्या आत सबमिट करणे. आठवं वर्ष. युनिव्हर्सिटी म्हणते ही शेवटची मुदतवाढ. तसं ते लिहितातच. मग कॉलेजात तासिका तत्त्वावरून कायम. या विषयात सोलापुरात माझ्याशिवाय कोणी नाही, हे लीलाही म्हणाली. बायकोने एवढं मान्य करणं थोडं नव्हे.

१९ जानेवारी
प्रस्तावनेचं पहिलं वाक्य पक्कं केलं. दुपारी बदललं.

२ फेब्रुवारी
आलेखात चीनची रेष वर, वर, वर. इक्वेडोरची तर कागदाबाहेर गेली. निष्कर्ष : समुद्र अक्षय आहे. अर्जेंटिना जवळजवळ शून्य. तिथले लोक आळशी असावेत.

१६ फेब्रुवारी
फील्डवर्क. समुद्र लांब, म्हणून उजनी धरणाच्या काठी गेलो. धनाजी नावाचे मच्छीमार जाळं सोडवत होते. त्यांनी माझ्या तळहातावर दोन कोळंब्या ठेवल्या. आयुष्यात प्रथमच पाहिल्या. हलल्या. पँटला हात पुसले. टेबल दाखवल्यावर धनाजींनी विचारलं, ह्यातली जाळ्यात घावलेली किती आन् तळ्यात पाळलेली किती? म्हटलं, सगळी पकडलेलीच. मंग लई झाली की सर, म्हणाले, आमाला तर दरसाली कमीच घावती.
अशिक्षित पूर्वग्रह. नोंद घेतली नाही.

१७ फेब्रुवारी, दुपारी ३
सहज तपासलं. मूळ फाइलीत दोन रकाने आहेत. एक पकडलेली, एक पाळलेली. इतकी वर्षं आपण पाळलेली उतरवली.

४.३०
चहा. इक्वेडोरची सगळी तळ्यांतली. अर्जेंटिनाची समुद्रातली डोंगराएवढी. त्या लोकांची माफी.

३ मार्च
उपाय सापडला. शीर्षकात 'पकडलेल्या'ऐवजी 'पाळलेल्या'. एकच शब्द! गाईड सर म्हणाले, शीर्षक बदललं की नवी नोंदणी, आणि मी जूनमध्ये रिटायर होतोय. मग हळूच म्हणाले, अहो, मीही कधी वाचलं नव्हतं.

२८ मार्च
नवे आकडे भरतोय. चार देश झाले. पकडलेल्या कोळंबीच्या रेषा फार उदास. काही वर्षं चढतात, घसरतात, मग तशाच पडून राहतात. उरले सव्वीस देश, तीन दिवस. रोज पावणेनऊ. शक्य आहे.

१ एप्रिल
सहा झाले.

११ एप्रिल
नोंदणी रद्द झाल्याचं पत्र. कॉलेजने माझे तास अंकिता मॅडमना दिले. त्यांची पीएचडी टॉवेलवर, तीन वर्षांत.
रकान्यांचं लीलाला आज सांगितलं. सगळी टेबलं तिनेच टाइप केलीत, शाळेतून दमून आल्यावर. ती म्हणाली, तिसऱ्याच वर्षी विचारलं होतं मी, रकाने दोन आहेत, कुठला घेऊ? तुम्ही म्हणालात, आकडे मोठे असतील तो घे.
मला आठवत नाही. मी असं म्हणणं शक्यच नाही, हेही तिला ठामपणे सांगितलं. ती वाद घालेल म्हणून वाट पाहिली. तिने फक्त विचारलं, जेवायची पानं घेऊ का?