चार पायांचं बदक

३ जानेवारी

चि. बडबड्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र नाही, म्हणून मीच लिहिते. इकडे सगळं ठीक. घरच्या रंगात शिसं घालायला बंदी आणणाऱ्या कायद्यावर काल समिती बसली. मी कोपऱ्यातल्या टेबलाशी नेहमीसारखी लघुलिपीत बोलणं उतरवत होते. विरोध करायला एक सभासद उठले. म्हणाले, वडिलांनी माझा पाळणा स्वतः रंगवला, हौसेनं चार पायांचं बदक काढलं, आणि ते शेवटपर्यंत ठणठणीत होते. मला हसूच आलं. दुपारी दुसरे उठले, तर त्यांच्याही पाळण्यावर चार पायांचं बदक! माझी पेन्सिल थांबली.

अरे, असं बदक काढणारा रंगारी एकच होता, आपले अण्णा. तू रंगाच्या कंपनीत ‘जनसंपर्क’ बघतोस म्हणजे हेच का? मतदान तोंडावर आलंय. खरं काय ते सांग.

लोभ आहे, म्हणूनच विचारते.
ताई

७ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

पत्र कसलं, समन्सच आलं! हो, भाषण माझंच. साहेबांना काहीतरी घरगुती, काळजाला हात घालणारं हवं होतं. एकासाठी लिहिलं, त्यांनी दोघांना वाटलं. सगळ्याच कंपन्या करतात गं. भाषण कुणी लिहून दिलं, सभासद कुणाला भेटले, हे सांगायचा नियमच नाही, मग गुन्हा कसला? तू उगाच राईचा पर्वत करतेस. हिला सातवा लागलाय. आत्ता नोकरी गेली तर आम्ही खायचं काय? तू गप्प राहा, पाया पडतो.

आणि हो, माळ्यावरचा आपला पाळणा पाठवशील ना?

माझ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.
तुझा बडबड्या

११ जानेवारी

चि. बडबड्यास,
अ. आ.

मी गप्पच आहे. माझं काम ऐकायचं, समितीत मला तोंड उघडता येत नाही. तुला येतं.

अण्णा ठणठणीत होते म्हणे. जन्मभर त्याच रंगात हात घालून शेवटी त्यांना कप धरवत नव्हता, बशीनं चहा तूच पाजायचास. मला तुझा फार राग आलाय.

पाळणा काढून पुसून ठेवलाय. तसाच पाठवू, की रंग खरवडून? उलट टपाली कळव.

लोभाचं नंतर बघू.
ताई

१६ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

‘तसाच पाठव’ एवढंच लिहायला बसलो होतो. हात धजेना. हिला सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग म्हणाली, आपण निभावून नेऊ.

राजीनामा दिला. साहेब म्हणाले, तुला आता कुणी दारात उभं करणार नाही. भीती वाटते गं, खोटं कशाला बोलू? समितीच्या अध्यक्षांना कळवलंय की ते बदक माझ्या वडिलांचं. साक्षीला बोलावलंय, मतदान तोवर थांबवलंय. कोण कुणासाठी लिहितं नि कुणाला भेटतं, हे लोकांसमोर मांडायचा नियम करा, असंही मी सांगणार आहे.

रंग खरवडूनच पाठव. बदक मी नव्यानं काढीन, चार पायांचंच.

तू कोपऱ्यात असशीलच. या वेळी मी सावकाश बोलेन. अण्णांचं नाव नीट उतरवून घे.

लोभ उरला असेल तर राहू दे.
तुझा बडबड्या