बाकी काय?

४ मार्च. सकाळ.
आजपासून रोज एक गोष्ट वाचायची. पक्कं. खोलीत आधी राहणारा वेल्डर पुस्तक टाकून गेलाय. पुढची पानं फाटलेली, लिहिणाऱ्याचं नाव गायब. मागे एवढंच, की रशियातला डॉक्टर, गोष्टी आणि नाटकं लिहायचा. शाळा सातवीपर्यंतच झाली, पण डोकं आहे.

६ मार्च.
दोन दिवसांत एक झाली. शेवटच नाही! त्या गोष्टीची पानं तपासली, सगळी आहेत. डॉक्टर घाईत असणार. बाहेर पेशंट बसलेले.

१५ मार्च. दुपार.
युक्ती कळली. याची माणसं चहाचं बोलतात, हवेचं बोलतात, आणि आत जीव तुटत असतो. दुःखाचं नाव काढत नाहीत. आपण ओळखायचं. मला लगेच ओळखता येतं. हॉटेलच्या लाँड्रीत इस्त्री करता करता रूममेटला समजावलं. तो इथलीच लिफ्ट दुरुस्त करतो. म्हणाला, साहित्यिक, कॉलरमधून धूर येतोय.

१७ मार्च. रविवार.
आईचा फोन. ताईचं लग्न झाल्यापासून घरी एकटीच असते. दाराची कडी घट्ट झालीय, हाताने लागत नाही म्हणे. दूध आता अर्धा लिटरच घेते. जिना नको वाटतो, शेजारच्या काकू भाजी आणून देतात. हवा कोरडी आहे. मग नेहमीचं, बाकी काय? मी म्हटलं, बाकी मजेत. ठेवला. आईचं नुसतं पाल्हाळ. डॉक्टरने चार ओळींत उरकलं असतं.

२ एप्रिल.
घरी जायला सुट्टीचा अर्ज लिहिला. उद्या देतो. आज नाटक सुरू केलंय.

९ एप्रिल.
नाटकात जागोजागी कंसात छापलंय, स्तब्धता. आधी वाटलं, नट वाक्य विसरतात. नाही! बोलायचं फार असलं की माणूस असा थांबतो. काय माणूस आहे हा डॉक्टर! रूममेटसमोर करून बघितलं. त्याने विचारलं, दाढ दुखतेय का?

१४ एप्रिल. रविवार.
आईचा फोन. बोलता बोलता मध्येच गप्प. तीनदा. हॅलो हॅलो करून घसा बसला. म्हणाली, आहे रे, इथेच आहे. जेवलास का? बाकी काय? लाइन भिकार आहे. सिमकार्ड बदलायचं. पक्कं.

२९ एप्रिल.
सकाळी ताईचा फोन. आई गेली.
चार महिने दुखणं होतं. त्याला सांगू नका, तो कामात असतो, असं तिनेच बजावलेलं. काकूंना दार तोडावं लागलं नाही. कडी लावलेलीच नव्हती.
अर्ज खिशात होता. शर्टाबरोबर त्यालाही इस्त्री झालेली.
आईच्याच सवयीने माझ्या तोंडातून गेलं, बाकी काय?
ताई काहीच बोलली नाही.
लाइन अगदी स्वच्छ होती.